जिनातली गुणी लेकरं

"ज्या कारखान्याच्या सावलीत मजुराचं मूल निर्धास्त झोपतं, त्या कारखान्याच्या यंत्रांना परमेश्वर स्वतःच्या हातानं तेल घालतो!" असे उद्गार पंजाबरावांनी आरशापुढे काढले, आणि त्याच क्षणी मागे पडवीत त्यांच्या नातीने असा टाहो फोडला की वस्तरा कानाच्या पाळीत शिरला. परमेश्वर त्या सकाळी दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात तेल घालत असावा. तुरटी घेऊन इंदुताईच आल्या. "कोनासंगं बोलून राह्यले होते?" त्यांनी विचारले. पंजाबराव म्हणाले, "आरशासंगं." "बरं हाय. तो मधात बोलत नाही," असे म्हणून इंदुताईंनी नवऱ्याच्या कानाला तुरटी अशी दाबली, की जणू गळके पिंपच बुजवायचे होते. वाक्य रविवारच्या सभेसाठी होते. यवतमाळातल्या जिनिंग कारखान्यांच्या मॅनेजरांनी त्यांना चार शब्द बोलायला बोलावले होते. विषय होता त्यांनी बांधलेली लहान मुलांची शेड. चार शब्दांची तयारी आठवडाभर चालू होती आणि आठवडाभरच नात रडत होती. मुलगी विमल नागपूरहून माहेरपणाला आली होती, नातीला दात येत होते, आणि घरात झोप ही वस्तू साखरेसारखी दुर्मिळ झाली होती. बेंबीला हिंग लावून झाला, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या, खुद्द पंजाबरावांनी तिला खांद्यावर घेऊन त्यांना येणारी एकमेव आरती पुन्हापुन्हा म्हटली. आरतीने नात आणखी रडली. त्यात तिचे काही चुकले असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले नाही.

कानाला रुईचा बोळा लावून ते जिनाकडे, म्हणजे ज्या जिनिंग कारखान्याचे ते मॅनेजर होते तिकडे, निघाले. माघाची थंडी होती, फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या, गाडीवान शेकोट्यांपाशी कानाला फडकी गुंडाळून बसलेले. पंजाबरावांना हा वास आवडे, कच्च्या कापसाचा, थोडा धुळीचा, थोडा बियांच्या तेलाचा. बाभुळगावाकडच्या त्यांच्या लहानपणाला हाच वास होता. आई कापूस वेचायला जायची आणि त्यांना शेताच्या धुऱ्यावरच्या पळसाखाली निजवायची, असे ती नेहमी सांगे. "माहा पंजाब लय गुणी लेकरू. सकाळी ठेवलं का दिवस बुडेस्तोवर हूं नाही का चूं नाही." हे वाक्य ती पाहुण्यांना, सोयऱ्यांना, पुढे सुनेलाही सांगत राहिली, आणि पंजाबरावांनी ते आपल्या स्वभावाचे पहिले प्रमाणपत्र म्हणून मनात जपले होते. आपण जन्मापासून समंजस आहोत. मालक आणि मजूर या दोघांचेही पटवून घेणारा माणूस असाच असावा लागतो. फाटकातून आत जाताना ते नेहमीप्रमाणे शेडपाशी थांबले. नेहमीप्रमाणे तिथे शांतता होती. पण आज त्यांच्या कानात घरचा टाहो अजून वाजत होता, आणि एकदम त्यांना असे झाले की चालते यंत्र मध्येच थांबले की कानात जशी पोकळी पडते तशी पोकळी पडली. आत एवढी मुले. कुणाला दात येत नसतील? कुणाचे पोट दुखत नसेल? थंडी वाजत नसेल? पंजाबराव तिथे उभे राहिले आणि त्यांना आपल्या नातीची, खरे सांगायचे तर, थोडी लाजच वाटली.

शेड ही त्यांच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट होती जी त्यांना कुणी करायला सांगितली नव्हती. कायद्याने पाळणाघर बांधायला जितक्या बाया कामावर लागतात, त्याहून जिनाचे मालक शेठजी नेहमी एक बाई कमीच ठेवत. त्यामुळे कायदा फाटकाबाहेर उभा असे. पूर्वी बाया रेच्यांजवळच पोरांना पोत्यावर टाकत. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारे यंत्र. समोर उभे राहून त्याच्या तोंडात सारखा कापूस भरवावा लागतो, आणि त्याला कापूस व बोटे यांतला फरक कळत नाही. मागच्या सीझनला रेच्यावरच्या कौसल्येचे पोर मागून रडले, तिने मान वळवली, आणि उजव्या हाताची बोटे रुईबरोबर पुढे गेली. पंजाबरावांनी ती रुई पाहिली होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना पांढऱ्या भातावर वरण घालवत नव्हते. त्यांनी शेठजींचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले आणि सरकीच्या गोदामामागे पत्र्याची शेड उभी केली. रुईच्या धुळीने छाती धरून कामातून गेलेली म्हातारी तुळसाबाई तिथे राखण बसली, कौसल्येला अंगण झाडायला ठेवले. आणि एकच अट घातली, तीही बायांच्या भल्यासाठी: पोराचा आवाज जिनात येता कामा नये. ज्या बाईचे लक्ष रेच्यावरून उडेल तिने घरी बसावे. बोटे गमावण्यापेक्षा ते बरे. मुकादम डोमाजी तेव्हा म्हणाला होता, "साहेब, पोट्टे रडनारच. त्याइले काय अट समजते?" पण समजली. आठवड्याभरात शेड शांत झाली. शेठजी अमरावतीहून पाव्हणे आणून दाखवू लागले. एका पाव्हण्याने तर मुलांच्या शिस्तीबद्दल पंजाबरावांचे हात हातात घेऊन अभिनंदन केले होते, आणि त्यांनी मान खाली घालून ते स्वीकारले होते.

म्हणून त्या सकाळी ते आत गेले तेव्हा त्यांच्या मनात काहीही काळेबेरे नव्हते. ते चक्क सल्ला मागायला गेले होते. तुळसाबाई दारातल्या उन्हात पाय पसरून बसली होती. साहेबांना पाहून तिने पदर सारखा केला आणि खोकला आवरला. "तुळसाबाई, एक इचारू का? माही नात लय रडून राह्यली. तुह्याजवळचे हे लेकरं इतके गुणी कसे?" म्हातारी हसली. "रडू द्या ना साहेब. मोठ्याघरची हाय, रडते. तिले कोन इचारते?" "तसं नाही वं. घरात कोनी झोपत नाही. काही घुटी असन तुह्याजवळ तं सांग." तुळसाबाईचे हसू हळूहळू कमी झाले. तिने त्यांच्याकडे असे पाहिले जसे बाजारात आपलाच माणूस अनोळखी भाव विचारू लागला की पाहतात. "मजाक करता का साहेब?" "मजाक कायची?" "तुमाले तं माहीत हाय." "मले काय माहीत हाय?" मग कमरेच्या पिशवीतून पळसाच्या पानाची पुडी काढून तिने एक काळपट कण त्यांच्या तळहातावर ठेवला. "माईच्या दुधात उगाळून द्या म्हना. जरासकच. आन् साहेब," ती हळू आवाजात म्हणाली, "माहं नाव नोका सांगू घरी." पंजाबरावांनी आभार मानले. पुडी कोटाच्या खिशात टाकली आणि दुपारपर्यंत ती तिथे आहे हे विसरून त्यांनी भाषणात "शिस्त ही मायेचीच मोठी बहीण आहे" असे एक वाक्य घातले.

दुपारी जेवायला घरी आल्यावर त्यांनी मोठ्या ऐटीत पुडी इंदुताईंपुढे धरली. इंदुताईंनी ती नाकाजवळ नेली. त्यांनी विमलच्या मांडीवरच्या नातीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "अफू हाय हे," त्या म्हणाल्या. विमलने किंकाळी फोडून पोरीला छातीशी धरले, पोरगी साहजिकच रडू लागली. "बाबा, तुम्ही माझ्या लेकीला अफू द्यायला निघाले होते?" पंजाबराव म्हणाले, नाही, अफू कशी असेल, जिनातल्या सगळ्या मुलांना तर हेच देतात, आणि स्वतःचेच वाक्य त्यांनी घरात मोठ्या आवाजात ऐकले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. तो कण बोटाने उचलून जिभेच्या टोकाला लावला. कडू. नुसते कडू नव्हे, कडूच्या मागे एक मातकट, उबदार, झाकून टाकणारे काहीतरी. आणि ते त्यांना ओळखीचे वाटले. कुठून ते सांगता येईना. पळसाच्या पानांतून गळणारे ऊन, वर कुठेतरी बोलणाऱ्या बायांचे आवाज लांबलांब जाणारे, हाक मारावी असे वाटून हाक न येणारी जीभ. हूं नाही का चूं नाही. पंजाबरावांनी चूळ भरली, पुन्हा भरली. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि विचारावे असे आता कुणी उरले नव्हते. विचारून तरी ती काय म्हणाली असती? मंग काय करतो बाप्पा, तिने विचारले असते, कापूस कोनं वेचला असता? इंदुताईंनी पुडी चुलीत टाकली, नातीची अलाबला काढली, भात वाढला. पंजाबराव जेवता जेवता वाट पाहत होते. आता कुणीतरी विचारील: आणि ती पोरं? इंदुताई चांगल्या होत्या, विमल शिकलेली होती. त्यांनी ताक वाढले, नातीचे लंगोट उन्हात आहेत का पाहिले, संध्याकाळी कोणती भाजी करायची ते ठरवले. कुणी विचारले नाही. तेव्हा पंजाबरावांना कळले की इतके दिवस त्यांनी स्वतःही विचारले नव्हते.

परत आल्यावर ते थेट शेडमध्ये शिरले. पोत्यांवर ओळीने मुले पडली होती, धुऊन वाळत टाकल्यासारखी. शेवटी सत्यभामेचा गौतम होता. सत्यभामा आणि तिचा नवरा गोविंदा, जिनातच गाड्या खाली करणारा हमाल, दोघे दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि पहिल्या मुलाला त्यांनी मोठ्या हौसेने हे नाव दिले होते. गौतमचे डोळे अर्धे उघडे होते. पापणीवर माशी बसली होती आणि पापणी हलत नव्हती. पंजाबरावांनी माशी हाकलली. ती पुन्हा बसली. त्यांनी त्याला उचलले. हात दोन्हीकडे लोंबले आणि वजन असे काही लागलेच नाही, रुईचा पेळूच हातात आला जणू. नातीला उचलताना ती लाथा मारते, कान ओढते, चष्म्याला हात घालते, उचलणाऱ्यालाच धाप लागते. "सत्यभामेले बलाव," ते ओरडले. डोमाजी तिला घेऊन आला. तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरी रुई बसली होती, त्यामुळे ती एकदम म्हातारी दिसत होती. साहेबांच्या हातात आपले पोर पाहून ती दारातच थिजली. "रडला का साहेब?" तिने विचारले. "नाही रडला." "आयकू आला का जिनात?" "नाही म्हनलं ना. हूं का चूं केलं नाही त्यानं." तिने सुटकेचा श्वास सोडला. "मंग काय चुकलं साहेब?" पंजाबरावांनी पोर तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "गोळी बंद कर. मरून जाईन हा." सत्यभामेने पोराच्या तोंडावरची माशी पदराने उडवली. ती म्हणाली, "सगळ्याच बाया देतात. मी आधी देत नव्हती. मंग डोमाजीभाऊनं मले एक दिवस घरी बसवलं." डोमाजी म्हणाला, "मी कायले बसवू? मले काय हौस हाय? अट साहेबाची होती."

मग पंजाबरावांनी जे केले ते फार उदात्त होते, त्यामुळे फार टिकले नाही. त्यांनी सगळ्या बायांना जमवून जाहीर केले की उद्यापासून गोळी बंद, अट बंद. मुले रडतील आणि आईने खुशाल जावे. टाळ्या पडतील असे नव्हे, पण निदान कुणी मान वर करील असे त्यांना वाटले होते. कौसल्या खराट्याचा दांडा बगलेत धरून मागे उभी होती. ती म्हणाली, "बाई गेली तं रेचा थांबन का साहेब?" "थांबवू." "कितीकदा?" दुसऱ्या दिवसापासून शेड बोलू लागली. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले की अहो, एकदम काय बंद करता, हळूहळू सोडवायची असते; पण घोषणा हळूहळू करता येत नाही. मुले रडली, घामाने भिजली, रडता रडता काळीनिळी झाली. बाया धावत जात, धावत येत, आणि रेच्यापुढे उभ्या असल्या तरी त्यांच्या माना मागे वळलेल्या असत. पंजाबराव रेच्यांमधून फिरत आणि माणसांकडे न पाहता नुसती बोटे पाहत. आहेत. आहेत. अजून आहेत. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लांबली, गाडीवान शिव्या देऊ लागले. आपली भूतदया बोटांवर उठली आहे असे त्यांना दिसू लागले. रविवारच्या सभेला त्यांनी पोटदुखीचे कारण कळवले. ते खोटेही नव्हते.

शेठजी मोटारीने आले. ते ओरडले असते तर पंजाबरावांना बरे वाटले असते, पण ते हसून म्हणाले, "पंजाबराव, दया करो. जरूर करो. मैंने कभी ना बोला? लेकिन सीझन के बाद करो." पोरे असलेल्या बाया काढून टाकायच्या, आर्णीकडून माणसे आणायची, असे त्यांचे म्हणणे. पंजाबराव भांडले. आवाज चढवून, टेबलावर हात ठेवून भांडले, आणि संध्याकाळी त्यांनी लढाई जिंकली: बाया काढायच्या नाहीत, फक्त जिचे पोर जिनात ऐकू येईल तिला सीझन संपेपर्यंत बिनपगारी आराम. गोळीला मात्र सक्त बंदी. घरी जाताना त्यांना बरेच हलके वाटले. आपण नेमके काय जिंकलो हे त्यांना दत्त चौकात पोचल्यावर समजले, आणि ते पानाच्या ठेल्यापाशी उगाचच थांबून राहिले. पानवाल्याने दोनदा विचारले, साहेब, काय देऊ?

त्यानंतर शेड पुन्हा शांत होत गेली. आधी एक कोपरा, मग दुसरा, दिवे विझावेत तसा. तुळसाबाई त्यांना पाहून लगबगीने उठे आणि तिची पिशवी पदराखाली जाई. पंजाबरावांनी विचारले नाही. विचारले असते तर बंदी होती; बंदी होती म्हणून कारवाई; कारवाई म्हणजे आराम. न विचारणे हीच आता त्यांच्या हातात उरलेली माया होती. फक्त सत्यभामा त्यांना फाटकात अडवून म्हणाली, "मी देऊन नाही राह्यली साहेब. तुमी म्हनलं ना, मरन म्हनून." गौतम गोळीशिवायही रडत नव्हता. बाकीची पोरे रडरडून काळीनिळी होत होती तेव्हाही तो तसाच पडून होता. रडायला जे लागते तेच त्याच्यात उरले नव्हते. सुट्टीच्या भोंग्याला ती धावत येई, त्याला पाजी, तो दोन घोट घेऊन थकून जाई. तुळसाबाई तिला म्हणे, "कायले जीव टांगून ठेवतं वं? जाच्या वाटेवरचं लेकरू हाय." सत्यभामा म्हणे, "मावशी, तोंड सांभाळ." पंजाबराव रोज सकाळी येऊन त्याच्या कानाशी चुटकी वाजवत. एके दिवशी डोळे हलले. एके दिवशी बोट धरले, इतके सैल की धरले की लागले तेही कळू नये. त्यांना भयंकर वाटे की हा रडावा. आणि ऑफिसात जाऊन बसले की भयंकर वाटे की हा रडेल. रात्री नातीच्या रडण्याने जाग आली तरी क्षणभर त्यांना वाटे, रडला. आणि अंगावर काटा येई, आनंदाचा की कशाचा ते त्यांनी कधी नीट तपासले नाही. दात आले, नात नागपूरला गेली, घर शांत झाले. त्या शांततेत त्यांना झोप लागेना.

आणि एका दुपारी तो आवाज आला. पंजाबराव ऑफिसात कारकुनाशी रुईच्या गाठींच्या रवानगीचे काही बोलत होते, रेच्यांचा घरघराट चालू होता, आणि त्या घरघराटाच्या वर, बारीक, फाटका, मोडक्या पिपाणीसारखा. थांबला. पुन्हा आला, आता जोर धरून, आणि मग तो थांबेचना. अख्ख्या जिनाला बोलावत असल्यासारखा, पोट, पाय, राग, भूक सगळे लावून. पंजाबराव उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते हसत होते. जिवंत आहे. लेकाचा जिवंत आहे! दारात डोमाजी उभा होता. तो हसत नव्हता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "आयकलं साहेब?" पंजाबराव म्हणाले, "काय?" खालच्या रेच्यांवरच्या सगळ्या बायांनी ऐकले होते, त्यांनी माना वळवल्या होत्या आणि मग एकेक करून पुन्हा समोर केल्या होत्या. पंजाबराव अंगण ओलांडून निघाले. चालता चालता त्यांनी ठरवले की आज नाही म्हणायचे. शेठजींना, डोमाजीला, स्वतःला. अट माझी होती, मीच मोडतो. हे पोर या जिनात रडेल, रोज रडेल, आणि ज्याला ऐकवत नसेल त्याने कानात बोळे घालावेत. मान वळली तर वळली. मान वळली तर. तिथे मात्र त्यांचे पाऊल जरा मंदावले. त्यांच्या डोळ्यांपुढे सत्यभामेची बोटे आली, आणि त्यामागे शेठजींचे हसणे आले, आणि कोणते आधी आले होते हे शेडच्या दारापर्यंत पोचल्यावर त्यांना खात्रीने सांगता येईना. सत्यभामा आधीच येऊन बसली होती. गौतम तिच्या मांडीवर लालबुंद होऊन हातपाय झाडत होता आणि ती त्याला गप्प करत नव्हती; ती हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. "आयकलं का साहेब? कसा ओरडून राह्यला पाहा ना, मेला!" पंजाबराव म्हणाले, "सत्यभामा," आणि अंगणात एवढे ठळक असलेले शब्द सोडून गौतमच्या कानाशी चुटकी वाजवू लागले. ते बोलतील म्हणून ती थांबली. मग तिने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिले, डोमाजीकडे, त्याच्या हातातल्या टोपीकडे. हसू एकदम गेले नाही. ओठांवर तसेच राहिले आणि डोळ्यांतून आधी गेले. ती उठली. पोराला तिने कडेवर घेतले, तो रडतच होता, केसांवरची रुई तिने पदराने झटकली. "समजलं," ती म्हणाली. पंजाबराव घाईने म्हणाले, "नाही, थांब, मी काय म्हनतो, आपन पाहू, मी शेठजीसंगं—"

"ते राहू द्या साहेब," सत्यभामा म्हणाली. "पन अर्धा दिवस नोका धरू. आजची हजेरी तेवढी पुरी लावा."